फोनातला व्याही

सारपोमा एनोचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. मासा असो की माणूस, आधी शेपटीकडून मोडायचा, मग हुंगायचा आणि तरीही निम्माच खरा धरायचा, ही तिची रीत. कुमासीच्या मोठ्या बाजारात धुरी दिलेल्या माशांच्या टोपल्या मांडून ती बसायची. एखादं गिऱ्हाईक "अगंबाई, काय सुरेख मासे" म्हणालं, की ही टोपलीवर फडकं ओढून घ्यायची आणि शेजारणीला म्हणायची, "आधीच सुरेख म्हणतेय. हिला काहीतरी फुकट हवंय."

पण शनिवार आला की हीच बाई ठेवणीतलं निळं-पांढरं कापड नेसून, डोक्याला फुगीर रुमाल बांधून लग्नाच्या बोलणीला निघायची. आमच्याकडे मुलगी मागायला गेल्यावर मुलाचा बाप तोंड उघडत नाही. मुलगा तर श्वाससुद्धा बेतानं घेतो. बोलणारं तोंड वेगळं न्यावं लागतं, आणि सुआमेपासून बांतामापर्यंत सारपोमाच्या तोंडाची बरोबरी करणारं कुणी नव्हतं. "तुमच्या परसात एक फूल उमललंय, वास रस्त्यापर्यंत येतोय," असं ती सुरू करायची. पलीकडचं तोंड म्हणायचं, "आमच्या परसात नुसत्या कोंबड्या आहेत. तुम्हांला सर्दी झाली असेल." "सर्दी असती तर तुमच्या कोंबड्यांचाही वास आला नसता, बाई." अशी जुंपायची की आचारीण पळी हातात घेऊन ऐकायला यायची आणि आत रस्सा करपायचा.

हे तोंड तिला मिळालं एका मर्तिकात. लहान होती तेव्हा. सरदारातर्फे बोलणारा मानकरी सोन्याची मूठ असलेली काठी घेऊन शोकाचं भाषण करत होता, आणि मांडवामागे ही पोर त्याचीच हुबेहूब नक्कल करत होती. रडणाऱ्या बायका एकेक करून हसायला लागल्या. मानकऱ्यानं वळून बघितलं. आता हिच्या थोबाडीत बसणार, असं सगळ्यांनी धरलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझा खोकला राहिला. पुन्हा कर." पुढे कितीतरी वर्षं ती त्याच्या मागे मागे हिंडली. तो कौतुक कधीच करत नसे. म्हणून त्याच्यावर तेवढा तिचा पूर्ण विश्वास होता.

तर अशा बाईच्या घरातच लग्न अडलं. ड्वोमो तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हापासून हीच त्याची आई, त्याची एनो. सुआमेच्या गॅरेजांत तो ट्रकचे गियरबॉक्स उघडायचा. सीमेपलीकडे, फ्रेंच चालणाऱ्या अबेंगुरूत, कांद्याचा एक ट्रक बंद पडला म्हणून गेला आणि कापडं विकणाऱ्या आमलानच्या दुकानाच्या पायरीवर ट्रकपेक्षा जास्त वेळ घालवून आला. नंतर त्या रस्त्यावर ट्रक वरचेवर बंद पडायला लागले.

कोरड्या दिवसांत घरातला वडील म्हणून टाब्री मामा, म्हणजे सारपोमाचा थोरला भाऊ, जिनची बाटली घेऊन पहिल्यांदा दार ठोठावून आला. गेला, बसला, पाणी प्यायला, खोकला. पलीकडचे फ्रेंचमध्ये बोलले. हा पुन्हा खोकला. तासाभरानं बाटली परत हातात. "फ्रेंच बोलणारं तोंड घेऊन या," असं त्यांनी सांगितलं. आमच्यात मुलीकडच्यांनी बाटली फोडली की होकार. एकदा परत आली तर दुसऱ्यांदा जाता येतं. दुसऱ्यांदा परत आली, तर त्या गल्लीतून जायचंही नाही. त्यात अबिजानच्या एका औषधवाल्याकडून आमलानला मागणी आली होती, आणि त्या लोकांना फ्रेंच आईच्या पोटातूनच येत होतं.

"मला एक सांग," सारपोमा भावाला म्हणाली, "ते अग्नी जमातीचे, आपण असांते. एका खापरपणजीची पोरं. हळू बोललं तर निम्मं आपोआप कळतं. मग मधे फ्रेंच कशाला घातलं?"

"त्यांची अट आहे."

"तेच म्हणते. ज्याला जेवायला घालायचंय त्याच्या ताटात कुणी काटे वाढतं का? काहीतरी आहे, दादा."

टाब्री मामा खोकला. त्याचं खोकणं होकारही असे आणि नकारही.

सारपोमाचं फ्रेंच म्हणजे सीमेवरच्या बाजारातलं. आकडे, माशांची नावं आणि शिव्या. यातलं काहीच मुलगी मागायला उपयोगाचं नव्हतं. मग ड्वोमो एके दुपारी तिच्या टोपल्यांपाशी फोन घेऊन बसला.

"एनो, हा एआय. ह्याला सांगायचं, तू अमुक हो. की तो अमुक होतो. फ्रेंचमध्ये बोलतो. मी ह्याला मुलीकडचा म्हातारा केलाय. तू बोलून बघ."

"म्हणजे सोंग आणतो?"

"हो."

"मग माझ्याच धंद्यातला आहे. जपून राहायला हवं."

फोन क्षणभर थांबला आणि मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाला, "नमस्कार, आदरणीय बाई. आमच्या घरी आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. आपलं येणं कशासाठी झालं, ते कृपया सांगावं."

सारपोमा फोनाच्या आजूबाजूला काहीतरी शोधायला लागली.

"बोल की," ड्वोमो म्हणाला.

"पाणी कुठाय?"

पाहुणा आला की आधी खुर्ची, मग पाणी, पाणी पिऊन झालं की घरच्यांनी विचारायचं, "काय बातमी?" त्याआधी कामाचं चकार अक्षर काढायचं नाही. तहानलेल्याचे शब्द त्याचे नसतात, तहानेचे असतात. ते धरायचे नसतात. हे आमच्याकडे तसंच आणि अबेंगुरूकडेही तसंच.

"एनो, त्याला हात नाहीत."

"हात नाहीत तर पाहुणे कशाला बोलावले?"

ड्वोमोनं फोनला समजावलं. फोन म्हणाला, "आपण अगदी योग्य आठवण करून दिलीत. हे घ्या थंडगार पाणी."

सारपोमानं फोन उचलून मागून बघितला. "कुठाय? हे निवडणुकीतल्या उमेदवारासारखं झालं. तेही असंच पाजतात." शेवटी तिनं आपलाच जर्मनचा मग भरून समोर ठेवला, स्वतःच स्वतःला दिला, प्यायली, आणि मोडक्या फ्रेंचमध्ये फुलाची गोष्ट सुरू केली. तुमच्या परसात फूल दिसलं, वगैरे.

"किती सुंदर उपमा," फोन म्हणाला. "आपली भाषा उत्तम आहे. आम्ही आमची कन्या आनंदानं आपल्या घरात देतो."

तिनं फोन पालथा घातला. "ड्वोमो, ऐक. दुसऱ्या वाक्याला मुलगी देणाऱ्याच्या घरात मुलगी असते का? आणि असलीच, तर तिच्यात काय खोट आहे ते आधी शोधलं पाहिजे. आणि माझी भाषा उत्तम? मी आत्ता फुलाला बांगडा म्हटलं. मला कळलं, ह्याला कळलं नाही?"

"तो प्रोत्साहन देतो, एनो."

"बाटली फुटायच्या आधी जो कौतुक करतो, त्याच्या दोन्ही हातांवर लक्ष ठेवावं. ह्याला तर हातच नाहीत. म्हणजे लक्ष कशावर ठेवू?"

मग ड्वोमोनं फोनला नव्यानं बजावलं. तू खत्रूड म्हातारा हो. तुझी दाढ दुखतेय. ह्या लोकांना एकदा परत पाठवलंयस. कौतुक करायचं नाही, चुकलं की तिथेच टोकायचं. फोन थांबला, आणि आतून वेगळाच आवाज आला.

"तुमचा मुलगा ट्रक उघडतो म्हणे. आमच्या मुलीला काय म्हणून न्यायचंय, सुटा भाग म्हणून?"

सारपोमा ताठ बसली. "हां," ती म्हणाली, "आता घरात कुणीतरी आहे."

तेव्हापासून रोज दुपारी बाजार पेंगायला लागला की तिचा फोनातल्या व्याह्याशी तंटा सुरू. तो टोकायचा, ती पुन्हा म्हणायची. तो टोमणा मारायचा, ती उलटा मारायची. आणि तिचा कान तर कसला. बघता बघता तिनं फोनाचा आवाजच उचलला. नाकातला तो गुंजारव, वाक्याच्या टोकाला दिलेली ती हलकी गिरकी, बोलण्याआधीचं ते क्षणभर थांबणं. शेजारची टोमॅटोवाली डोळे मिटून पडायची आणि म्हणायची, "आत्ता बोललं ते कोण, तू की तो?" पैजा लागायच्या. तशी टोमॅटोवाली हरायचीच.

संशय मात्र तिनं सोडला नव्हता. एक दिवस म्हातारा म्हणाला, "आमच्या मुलीला अबिजानहूनही मागणी आहे." सारपोमाच्या हातातला मासा तसाच राहिला.

"हे ह्याला कुणी सांगितलं?"

"मीच," ड्वोमो म्हणाला. "सराव खरा व्हावा म्हणून."

"तूच का? मग ह्यानं तिकडे काय काय सांगितलं असेल? आपण इथं बोलतो ते अबेंगुरूत ऐकू जात नसेल कशावरून?"

"तसं नसतं, एनो."

"नसतं ते तुला ह्यानंच सांगितलं असेल."

त्यानंतर घरातलं काही बोलायचं झालं की ती फोन धुरावलेल्या माशांखाली पुरून, वर झाकण ठेवून, झाकणावर स्वतः बसायची. ड्वोमोच्या खिशाला कायमचा बांगड्यांचा वास लागला.

एवढी सावध बाई, पण एक गोष्ट तिच्याही नजरेतून निसटली. गॅरेजातली ड्वोमोची जेवणाची सुट्टी तुटपुंजी. फोन म्हणायचा "घ्या पाणी", की मग भरायचा, प्यायचा, मग "काय बातमी". ड्वोमो म्हणाला, "एनो, पाणी राहू दे. थेट मुद्द्यापासून घेऊ." ती आधी कुरकुरली. मग कुरकुरायची राहिली. मग जर्मनच्या मगात कुणीतरी खिळे ठेवले. आता फोन जरासा घुटमळून म्हणायचा, "म्हणजे तुम्ही आलात," आणि हिचं सगळं भाषण नळ सोडल्यासारखं सुरू व्हायचं.

ठरल्या शनिवारी मंडळी निघाली. टाब्री मामानं बाटल्या तान्ह्या पोरासारख्या मांडीवर घेतल्या होत्या. गोनोक्रोमला सीमा ओलांडली. वाटेत सारपोमा एक अक्षर बोलली नाही. तोंड जपत होती.

अबेंगुरूतलं अंगण इतकं लख्ख झाडलेलं होतं की तिला पहिला संशय तिथेच आला. इतकं झाडतात म्हणजे काहीतरी उचललंय. समोरासमोर खुर्च्यांच्या दोन रांगा. पलीकडच्या रांगेत मधोमध नाना एत्तियेन, त्यांच्या घराचं तोंड. वाळक्या अंगाचा, दात घासायची काडी गालात धरलेला, एक डोळा अर्धा मिटलेला. दाढ दुखतेय असं वाटावं असा. सारपोमाला वाटलं, ह्याला आपण ओळखतो.

"बसा," नाना म्हणाले. सगळे बसले. नाना क्षणभर थांबले, घसा खाकरला आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही आलात."

आणि नळ सुटला.

"आदरणीय मंडळी, आम्ही दूरच्या रस्त्यानं जात असता आपल्या परसातून एक सुवास आमच्यापर्यंत पोहोचला..." काय ते फ्रेंच. गिरक्या, गुंजारव, सगळं जागच्या जागी. अबिजानच्या वकिलानं कान टवकारावेत असं. ती बोलली, थांबली, आणि टाळीची वाट बघावी तशी हनुवटी वर करून बसली.

कुणी हललं नाही. टाब्री मामाचा खोकलासुद्धा थांबला, तेव्हा तिला कळलं. तिनं मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात एक उंच बाई तबक घेऊन उभी होती. तबकात पाण्याचे पेले. एक पाऊल उंबऱ्याबाहेर, एक आत. अख्खं भाषण ती तशीच उभी होती.

"बाई," नाना एत्तियेन म्हणाले, "फार सफाईनं बोललात. फक्त आम्ही अजून काही विचारलं नव्हतं."

त्यांनी गालातली काडी काढली. "ही आमलानची आई. ती पश्चिमेकडची, मान गावची. आमची भाषा तिला चुलीपुरती येते. आपली मुलगी लोक कशी मागतात ते तिला तिच्या कानांनी कळावं, म्हणून आम्ही फ्रेंच धरलं. पाहुण्यांना पाणी द्यायचा मान आज तिचा. तो तुम्ही तिच्याच हातात ठेवलात." त्यांनी बाटल्यांकडे बघितलं. "कोरड्या घशानं आलेली बोलणी ह्या घरात धरत नाहीत."

त्यांचा हात बाटल्या मागे सरकवायला निघाला. ड्वोमो श्वास बेतानं घेत होता, तोही थांबला.

सारपोमाच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं, अगदी त्याच आवाजात: आपण अगदी योग्य आठवण करून दिलीत. तिनं ते गिळलं. कडू लागलं. मग ती उठली आणि आपल्या भाषेत आपल्या माणसांना म्हणाली, "उठा. बाटल्या घ्या. बाहेर."

फाटक मागे लागलं. "झालं म्हणायचं," टाब्री मामा म्हणाला.

"दादा, चपला काढा."

"का?"

"आत्ता आत आले होते ते चपला घालून आले होते. आपण ते नव्हे. ड्वोमो, मामाची टोपी तू घाल. बाटल्या तुझ्याकडे. आणि दादा, आत खोकायचं नाही. मघाचे लोक फार खोकत होते." बोलता बोलता तिनं डोक्याचा फुगीर रुमाल सोडला आणि बाजारात बसते तसा कपाळावर घट्ट आवळला. मग फाटक ठोठावलं.

आत खुर्च्या सरकल्या. मग नानांचा आवाज. "कोण?"

"आम्ही. लांबून. तहान खूप." हे फ्रेंच फोनातलं नव्हतं. माशांच्या टोपल्यांमधलं होतं.

"आत्ताच काही लोक येऊन गेले."

"भेटले. रस्त्यात. वाईट लोक. बाई फार बोलते. आम्हांला धक्का, सॉरी नाही."

फाटकामागे कुणीतरी हसू दाबलं आणि ते दबलं नाही. हसणं बाईचं होतं. नानांना काहीतरी म्हणायचं असावं, पण तेवढ्यात कडी वाजली.

मंडळी पुन्हा बसली, अनवाणी. उंच बाई तबक घेऊन थेट सारपोमापुढे आली. सारपोमानं पेला घेतला, दोन थेंब भुईवर सांडले पूर्वजांना, आणि बाकीचं सगळं सावकाश प्यायली. नाना थांबले. ती थांबली. ते आणखी थांबले, तीही. ह्या खेळात तिला कुणी हरवलं नसतं.

"काय बातमी?" शेवटी नाना म्हणाले.

"बातमी चांगली. रस्ता बरा. घरी सगळे बरे. तुम्ही बरे?"

"बरे. आणि मोठी बातमी?"

सारपोमानं खुर्ची नानांकडून वळवली, त्या बाईकडे. "ह्या पोराला आई नाही. मी आहे. माझं फ्रेंच बाजाराचं. मासे विकायला शिकले. तुझी मुलगी मासा नाही. म्हणून शब्द पुरत नाहीत."

"हळू बोला," ती बाई म्हणाली. "मला कळतंय."

"आमच्या परसात नुसत्या कोंबड्या आहेत," नानांनी मधे टाकलं. रीत म्हणजे रीत.

ह्याचं उत्तर तिला फ्रेंचमध्ये सापडेना. म्हणून ती उठली आणि तिनं ड्वोमो करून दाखवला. तो हातात पाना घेऊन ट्रकखाली शिरतो, खालून अबेंगुरूच्या दिशेला बघतो, उसासा टाकतो, गियरबॉक्स उघडतो, नटबोल्ट फुफूच्या, म्हणजे कुटलेल्या कंदांच्या, ताटात टाकतो आणि फुफूचा गोळा गियरबॉक्समध्ये. ट्रक सुरू होतो, घरंगळत जातो, त्याला पत्ता नाही. मग ट्रकचा मालक येतो. मालकाचा आवाज तिनं टाब्री मामाचा लावला, खोकल्यासकट. अख्खं अंगण हसत सुटलं. ड्वोमोनं टोपी नाकापर्यंत ओढली. आमलानची आई तबक छातीशी धरून भिंतीला टेकली होती.

नानांनी हसू आवरायला काडी पुन्हा गालात घातली. "ज्याचा ट्रक गेला त्याची दया येते," ते म्हणाले. "मुलीला बोलवा."

आमलान आली. दाराआडून तिनं सगळं पाहिलेलं होतं. तिला विचारलं, ही बाटली फोडायची का. हो म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं. हो. तिसऱ्यांदा विचारायचं ते मोठ्यानं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. तिनं आईकडे बघितलं, मग त्या टोपीकडे. "फोडा," ती म्हणाली, "आणि तो फुफू खाऊ नका."

निघताना नाना एत्तियेन फाटकापर्यंत आले. सारपोमा अजून सावधच होती. बाटली फुटल्यावरही माणूस शब्द फिरवतो, हे तिनं पाहिलेलं होतं. नानांचा अर्धा डोळा तिच्यावर होता.

"ते मघाचे लोक वाटेत भेटले तर सांगा," ते म्हणाले. "पाण्याआधी बोलल्याचा दंड त्यांच्याकडे राहिलाय."

"सांगते, नाना," सारपोमा म्हणाली. "पण ते पुन्हा दिसायचे नाहीत. त्यांचं फ्रेंच फारच चांगलं होतं. मला तर तेव्हाच संशय आला."